कोळसा गेला तर काम कुणाला?

(चंद्रपूर जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



बैठकीच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'ऊर्जा संक्रमण आणि ग्रामीण रोजगार' असा छापला गेला आहे. छापणाऱ्याचा दोष नाही, मीच तसा लिहून दिला होता. सकाळी एस.टी.तून उतरलो तर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "साहेब, कोळसा गेला तर आमच्या पोट्ट्याचं काम राह्यते का जाते?" विषय हा आहे. बाबांनी तो माझ्यापेक्षा नीट मांडला. तेव्हा पत्रिकेतला मथळा खोडा आणि बाबांचा प्रश्न तिथे लिहा.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी कुठे उभा राहून बोलतो आहे ते तुम्हाला कळेल. आमची साडेचार एकर काळी जमीन एका कोळसा खाणीत गेली. मी तेव्हा शाळेत होतो. जमिनीच्या बदल्यात पैसा किती आला हे मला आठवत नाही, कारण तो टिकलाच नाही. नोकरी मात्र एक आली, ती थोरल्या भावाला लागली. ती लागण्यासाठी सातबारा एका नावावर यावा लागत होता. माझ्या दोन आत्यांनी तलाठ्यापुढे अंगठे उठवले, हक्कसोड झाले. राखीला साडी मिळेल एवढ्यावर. भावाच्या पगारावर मी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकलो, बी.एस्सी. झालो, एका बियाणे कंपनीत नोकरी केली, मग सोडली. त्या नोकरीचे मीठ मी खाल्ले आहे, म्हणून कोळशाला शिव्या देऊन टाळ्या घ्यायच्या हा माझा धंदा नाही. पण थोरली आत्या सत्तरीच्या घरात आहे आणि आजही दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, हेही त्याच नोकरीच्या हिशेबात धरले पाहिजे. जमा आमच्या घरी झाली, खर्च आत्याच्या नावे पडला.

आता कोळशाचा हिशेब. आपल्या जिल्ह्यात १९८३-८४ साली औष्णिक केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले, २१० मेगावॉटचे. ते दोन केव्हाच मोडीत निघाले. नंतरचे संच वाढत वाढत आज केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. एवढ्याने जिल्ह्यात काम आले हे खरे आहे. दुर्गापूर, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, ही गावे कोळशावर उभी राहिली. चहाच्या टपरीपासून ट्रकच्या टायरवाल्यापर्यंत सगळ्यांची चूल त्यावर पेटली. पण २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, त्यात चंद्रपूर अगदी वरच्या नंबरांत होते. खाणीशेजारच्या गावात कापूस वेचणाऱ्या बाईला हे यादीतून कळायची गरज नाही. तिच्या बोंडातला कापूस करडा निघतो आणि व्यापारी त्याचे पैसे कापतो.

आणि काम? कोल इंडियाच्या नियमित कामगारांची संख्या २००३ च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास होती. आज ती सव्वादोन लाखांच्या आतबाहेर आहे. याच काळात कंपनीचे कोळशाचे उत्पादन अडीच पटीहून जास्त वाढले. म्हणजे कोळसा वाढला आणि कामगार निम्म्यावर आला. भूमिगत खाणी संपत चालल्या, खुल्या खाणी आल्या, तिथे पावड्याऐवजी डंपर आला आणि डंपरवर ठेकेदाराचा माणूस आला. सौर पॅनेल गावात यायच्या कितीतरी आधीच कोळशाने आपल्या पोरांना कामावरून काढायला सुरुवात केली होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीवर प्रकल्पग्रस्त चढून बसले होते, ते आठवते ना? कोळसा जोरात होता, बंद पडत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. 'कोळसा गेला तर नोकरी जाईल' असे म्हणताना ही चिमणी डोळ्यापुढे ठेवा.

तरी कोळशाच्या बाजूने एक गोष्ट मी मोकळेपणाने कबूल करतो. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात लिहिलेले आहे की दोन एकर जमिनीमागे एक नोकरी, आणि नोकरी नको असेल तर तिच्या बदली एकरी पाच लाख रुपये. हा नियम कुठे पाळला जातो, कुठे लोंबकळतो, हे तुम्ही मला सांगाल. पण नियम आहे. त्याच्यावर बोट ठेवून भांडता येते. उन्हाच्या विजेला असा कुठलाच नियम नाही. शंभर एकरांवर पॅनेल बसली तर कोळशाच्या मापाने पन्नास नोकऱ्या मागता आल्या असत्या. पॅनेलवाल्याकडे एकही मागता येत नाही. मंत्रालयातले लोक हरित रोजगार हरित रोजगार म्हणतात तेव्हा मला हा फरक आठवतो.

मग पॅनेलवर किती काम निघते ते आपण आपल्याच पद्धतीने मोजू. मी शेतीचा पदवीधर, मला एकर आणि मजुरीचे दिवस एवढेच माप कळते. एका मेगावॉटला पाचेक एकर जमीन लागते. पाच मेगावॉटचा प्रकल्प म्हणजे पंचवीस एकर. उभारणी चालते तीन-चार महिने. तेव्हा खड्डे, लोखंड, तारा, पॅनेल उचलणे, यात पन्नास-साठ माणसे लागतात आणि त्यांत गावची किती असतात ते ठेकेदाराच्या मनावर. उभारणी झाली की उरतात पाळीपाळीने राखण करणारे तीन जण, एक वायरमन, महिन्यातून एक-दोनदा पॅनेल धुणारी टोळी, आणि पावसाळ्यात गवत कापणारे. सगळे मिळून वर्षभराचे चार-पाच माणसांचे काम. आता तेच पंचवीस एकर कोरडवाहू कपाशीचे असतील तर? पेरणी, दोन-तीन निंदण, डवरणी, फवारणी, वेचणी धरून एकराला चाळीसेक दिवसांची मजुरी होते. पंचवीस एकरांचे हजार दिवस. वर्षाला अडीचशे दिवस कामाचे धरले तर चार माणसे.

म्हणजे बरोबरी झाली, असे शहाणा माणूस म्हणेल. बरोबरी झालेली नाही. कपाशीतले हजार दिवस बायांचे होते, निंदणाचे आणि वेचणीचे. पॅनेलचे हजार दिवस पोरांचे आहेत, राखणीचे आणि तारेचे. एका घरात बाई कामाला मुकली आणि दुसऱ्या घरात पोरगा कामाला लागला. कागदावर बेरीज सारखी येते, गावात ती सारखी नसते.

दुसरी गोष्ट मक्त्याची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली आला, त्यात जमिनीचे भाडे हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला ठरले आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. एकराला पन्नास हजार झाले. जमीनमालकाने हे भाडे घेतले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस धरा. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० रुपये होता. तो पुरता मिळाला तरी हाती येतात साडेअडतीस हजार आणि त्यातून बी, खत, फवारणी, मजुरी जाते. त्याच हंगामात सरकारने बाहेरच्या कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत माफ करून टाकले, म्हणजे आपला कापूस घरात यायच्या वेळी बाजार पाडायची सोय आधीच करून ठेवली. ज्याला पिकात एकरी दहा हजार सुटत नाहीत त्याला काही न पेरता पन्नास हजार मिळत असतील तर तो पॅनेलच पेरणार. ही पॅनेलची थोरवी नव्हे, कापसाच्या भावाची लूट आहे. भाव मिळाला असता तर किती जणांनी काळी जमीन लोखंडाखाली घातली असती?

पण त्या जमिनीवर मालक राबत नव्हता, मक्तेदार राबत होता, असे आपल्याकडे निम्म्या गावांत आहे. मक्त्याचा कागद नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. मालक म्हणतो, पुढच्या सालापासून जमीन नाही. त्या माणसाची शेतीच गेली आणि त्याला कोणी प्रकल्पग्रस्त म्हणणार नाही, कारण प्रकल्पाच्या फायलीत तो कधी नव्हताच. माझ्या आत्यांचे अंगठे मला इथे पुन्हा दिसतात. तेव्हा हक्क सोडण्यासाठी निदान अंगठा लागला होता. मक्तेदाराचा तोही लागत नाही.

गायरानाचे तसेच. सरकारी जमिनीवर प्रकल्प आला तर ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षे मिळतील असे योजनेत आहे. सरपंचाला रस्ता दिसतो, सभामंडप दिसतो. शेळ्या घेऊन जाणाऱ्या बाईला कुंपण दिसते. माझे म्हणणे एवढेच की ठराव घेण्याआधी शेळ्या मोजा.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल हा माणूस सौर विजेच्या विरोधात बोलायला आला आहे. नाही. मी चुकीच्या जागी रोजगार शोधू नका एवढे सांगायला आलो आहे. पॅनेलच्या कुंपणात काम थोडे आहे. काम कुंपणाबाहेर आहे, पंपाच्या पाइपातून पडणाऱ्या पाण्यात आहे.

आपल्याला वीज कशी मिळत आली? आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे रात्री. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या भावांना विचारा, रात्री बारा वाजता मोटर सुरू करायला बांधावर जाणे म्हणजे काय. वाघ आहे, रानडुक्कर आहे, साप आहे. वरोरा, भद्रावती, राजुऱ्याकडे विहीर आहे, पंप आहे, विजेची जोडणी आहे, आणि तरी रब्बीत अर्धे वावर रिकामे राहते, कारण रात्रीचे पाणी देणारा माणूस मिळत नाही. पोरगा म्हणतो, बाबा, हरभरा नको, मी जातो ट्रकवर.

गावच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प झाला आणि शेतीची वाहिनी त्यावर जोडली, तर वीज दिवसा येते, कारण ऊनच दिवसा असते. यात कुणाची मेहेरबानी नाही. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला असा तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ साली सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला ज्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले, त्यांत तो होता, आणि आपल्या बाजूचे अकोला जिल्ह्यातले जलालाबाद आणि बुलढाण्यातले पळशीही होते. पाच मिळून एकोणीस मेगावॉट. कोळशाच्या एका संचापुढे हे चिमूटभर आहे, पण हिशेब करायला पुरे.

एक मेगावॉट वर्षाला पंधरा लाख युनिटांच्या आसपास वीज देतो. पाच अश्वशक्तीचा पंप वर्षात हजार तास चालला तर चार हजार युनिटांच्या आत खातो. म्हणजे एका मेगावॉटवर साडेतीनशे-चारशे पंप चालतात. तीनशेच धरा. त्यांतल्या निम्म्यांनी दिवसाच्या विजेवर फक्त एक एकर जास्तीचा हरभरा घेतला. पेरणी, निंदण, पाणी, कापणी, मळणी मिळून एकराला पंधरा दिवस मजुरी. दीडशे एकरांचे सव्वादोन हजार दिवस, म्हणजे नऊ माणसांचे वर्षभराचे काम. कुंपणाच्या आत एका मेगावॉटवर एकच माणूस, कुंपणाबाहेर नऊ. आणि कुणी हरभऱ्याऐवजी वांगी-मिरची लावली तर हा आकडा कितीतरी वर जातो. शिवाय हे काम बायांना आहे, मजुरांना आहे, दिवाळीनंतरच्या रिकाम्या महिन्यांत आहे. ज्या मक्तेदाराची कोरडवाहू जमीन गेली त्यालाही कदाचित ओलिताची एकरभर मिळेल.

आता यात एक पाचर आहे. वीज दिवसा आली म्हणून विहिरीत पाणी वाढत नाही. ज्या शिवारात फेब्रुवारीतच विहीर तळ गाठते तिथे दिवसा काय आणि रात्री काय. म्हणून पाण्याचे बोललेच पाहिजे, आणि पाण्याचे बोलायचे तर पुन्हा कोळशाकडे जावे लागते.

औष्णिक केंद्र पाणी पिते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमाने एका युनिट विजेला साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायला परवानगी आहे. पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण चालला तर दिवसाला एक कोटी वीस लाख युनिटे होतात आणि पाणी होते चार कोटी वीस लाख लिटर. हे मी एकरात बदलून सांगतो. एका पाळीला पाच सेंटिमीटर पाणी धरले तर एका संचाचे एका दिवसाचे पाणी म्हणजे दोनशे एकर हरभऱ्याला एक पाणी. रब्बीचे शंभर दिवस धरा, दोन पाळ्या धरा, दहा हजार एकर हरभरा एका संचाच्या पाण्यावर निघतो. मघाशी पंधरा दिवसांचा हिशेब केला, तो या दहा हजार एकरांना लावून बघा. परळीला २०१३ साली पाणी नाही म्हणून औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले आणि २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तीच वेळ आली. त्या भागातल्या शेतकऱ्याने तेव्हा जी मारामारी पाहिली ती आपल्याकडे इरईच्या काठी होणार नाही असे कुणी लिहून देईल का?

तेव्हा आपल्या जिल्ह्यातला कोळशाचा संच जेव्हा केव्हा मोडीत निघेल तेव्हा आपण कुठला प्रश्न विचारायचा? त्याचे पाणी कुठे गेले, हा. आजवर दोन संच मोडीत गेले. त्यांच्या वाटणीच्या पाण्याचा एक तरी पाट कुणाच्या शेतात आला का? बंद पडणाऱ्या संचाचे पाणी उद्योगाच्या खात्यात पडून राहता कामा नये, ते सिंचनाला वर्ग झाले पाहिजे. एखाद्याला संचाची नोकरी मिळाली नसेल, त्याला संचाचे पाणी मागण्याचा अधिकार तरी आहे.

आणखी एक काम आहे ज्याच्याकडे विजेची माणसे बघत नाहीत, कारण ते त्यांच्या टेबलावर नाही, आपल्या बांधावर आहे. पऱ्हाटी. एका एकरातून टनभर वाळकी पऱ्हाटी निघते. आपण काय करतो? थोडी चुलीला, बाकीची बांधावर रचतो किंवा पेटवून देतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा खात्याने औष्णिक केंद्रांना कोळशात पाच टक्के शेतातला काडीकचरा, कांड्या करून, मिसळायला सांगितले. पंजाबातले तणस डोळ्यापुढे ठेवून ते झाले असेल. पण नागपूरच्या कापूस तंत्रज्ञानवाल्यांनी पऱ्हाटीच्या कांड्या करून दाखवलेल्या आहेत. पाचशेच्या एका संचाला दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा लागतो. त्याच्या पाच टक्के म्हणजे साडेतीनशे टनांवर. एका संचाला एका दिवसाला साडेतीनशे एकरांची पऱ्हाटी! उपटणे, गोळा करणे, तुकडे करणे, गाडी भरणे यात एकराला तीन माणसे धरली तर रोजचे हजार माणसांचे काम होते, आणि तेही फेब्रुवारी ते मे, जेव्हा मजूर हैदराबादच्या गाडीत बसतो.

शेतीचा माणूस म्हणून सांगतो, पऱ्हाटी वावरातून लवकर निघाली तर गुलाबी बोंडअळीची साखळी तुटते. फरदड घेत मार्चपर्यंत झाड उभे ठेवणे आणि बांधावर किडकी बोंडे रचून ठेवणे, यानेच अळी पुढच्या हंगामाला पोचते. २०१७ साली काय झाले ते विसरला नाहीत ना? मात्र हा न्याय सगळ्या काडीकचऱ्याला लावू नका. सोयाबीनचे कुटार, तुरीचे भूस जनावराला आणि जमिनीला लागते. आपल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब आधीच तळाला गेला आहे, तिच्या तोंडचा घास बॉयलरमध्ये घालायचा नाही. आणि चुलीसाठी किती पऱ्हाटी लागते हे घरातल्या बाईला विचारल्याशिवाय सौदा करायचा नाही. भाव? तो कोण ठरवणार हा आपला जुनाच प्रश्न आहे. कोळशाच्या उष्णांकाशी तोलून भाव मागा. 'फुकट जाते तर द्या' म्हणणारा दलाल दारात आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

शेवटचा आणि मला सर्वांत मोठा वाटणारा मुद्दा मालकीचा आहे. नोकरी, भाडे, मजुरी हे सगळे दुसऱ्याच्या कारखान्यातले आहे. कारखाना आपला का नसावा? २०१९ च्या कुसुम योजनेच्या पहिल्या भागातच लिहिले होते की अर्धा ते दोन मेगावॉटचा प्रकल्प शेतकरी स्वतः, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा पंचायत पडीक जमिनीवर उभारू शकते आणि वीज कंपनीला विकू शकते. आपल्यापैकी किती जणांनी तसा अर्ज केला? एका मेगावॉटला साडेतीन-चार कोटी लागतात आणि बँक म्हणते गहाण काय ठेवता. पंचवीस वर्षांचा वीजखरेदीचा करार हातात असलेल्या कंपनीला बँक पायघड्या घालते. तोच करार शेतकऱ्याच्या हातात असला की त्याला सातबारा आणायला सांगते.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर पंपांची सहकारी मंडळी केली. पंप पॅनेलवर चालतात, पाणी देऊन झाले की उरलेली वीज मंडळी वीज कंपनीला विकते, युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने, पंचवीस वर्षांच्या कराराने. त्यांना बाहेरच्या संस्थेची मदत होती, ती नसती तर जमले नसते हे खरे. पण त्यातली मेख अशी की उरलेली वीज विकता येते म्हटल्यावर शेतकरी पाणी जपून वापरतो. उन्हाला त्यांनी पीक केले आणि त्या पिकाला लिहिलेला भाव मिळवला. आपल्या एकाही पिकाला पंचवीस वर्षांचा काय, पंचवीस दिवसांचा लिहिलेला भाव मिळत नाही!

सहकार म्हटले की तुम्ही हसता, ते मला दिसते. साखर कारखान्यांचे काय झाले ते या राज्यात कुणाला सांगायला नको. म्हणून मी लहानच मागतो. एक गाव, एक मेगावॉट, दोन-तीनशे भागधारक, आणि हिशेब चावडीवर.

दूरदेशीची एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या उद्याची आहे. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाचे हजार मेगावॉटचे कोळशाचे केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. जागतिक बँकेचे कर्ज आले, तिथेच सौर आणि पवन वीज उभी करायची असे ठरले. चिमणी थंड झाली, ठेकेदाराची माणसे पांगली, दुकाने ओस पडली, आणि नवे काम मात्र मागाहून, हळूहळू. त्यांच्याच राष्ट्रपतींनी नेमलेल्या हवामान आयोगाने नंतर सांगितले की तयारी फार उशिरा सुरू झाली. आपल्याकडे कोळसा उद्या जात नाही. देशाच्या विजेत अजून सत्तर टक्क्यांवर कोळसाच आहे आणि कोराडीला ६६० चे दोन नवे संच मंजूर आहेत. म्हणजे आपल्याला वेळ आहे. दुर्गापूर-घुग्घुसचा ठेक्यावरचा कामगार आपल्याच घरातला आहे, त्याचे नाव आजच नोंदवून घ्या. संच बंद होईल त्या दिवशी हजेरीपट ठेकेदाराबरोबर नाहीसा होतो. वेल्डर, फिटर, वायरमन यांना सौर प्रकल्पाचे काम शिकायला तीन महिने पुरतात. सरकारचे सूर्यमित्र प्रशिक्षण सहाशे तासांचेच आहे. पण शिकून झाल्यावर घेणार कोण, हे शिकायच्या आधी ठरले पाहिजे.

ठराव तयार आहेत, ते वाचून दाखवतो. पहिला, सौर प्रकल्पाच्या करारात राखण, धुणे, गवत आणि वायरमनचे काम त्याच गावच्या लोकांना, त्यातले निम्मे बायांना, आणि धुण्याचा ठेका बचत गटाला. दुसरा, ज्या जमिनीवर तीन वर्षे मक्त्याने कुणी राबत होते त्याला भाड्यातला हिस्सा, आणि त्यासाठी मक्त्याची नोंद ग्रामसभेत. तिसरा, बंद संचाचे पाणी सिंचनाला. चौथा, शेतकरी कंपन्यांना वीज कराराच्या तारणावर कर्ज. पाचवा पऱ्हाटीच्या भावाचा आहे, त्यात आकडा मी मोकळा सोडला आहे, तो तुम्ही भरा. दुसऱ्या ठरावावर वाद होईल हे मला माहीत आहे, जमीनमालक इथे पुष्कळ बसले आहेत. वाद मोकळा होऊ द्या, हात वर करूनच मोजू. ज्यांच्या गावच्या गायरानावर प्रकल्पाची नोटीस लागली आहे त्यांनी जेवणाच्या सुटीत दाराजवळच्या टेबलावर नोटिशीची नक्कल आणि गावातल्या शेळ्या-गायींची संख्या द्यावी. आणि सकाळचे ते बाबा मागे बसले असतील तर त्यांनी पोराचे नाव आणि ठेकेदाराचे नाव, दोन्ही लिहून द्यावे.